शेरूच्या रक्तातली लस

“कुत्र्याचं रक्त काढायला तू वर्ध्याला चाललीस? इकडची कुत्री संपली काय गं?” निघायच्या आदल्या दिवशी आईने फोनवर विचारलं.

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील मेंढपाळ, आई त्यांच्यामागून जत तालुक्याचे माळ तुडवत हिंडलेली. मला वसतिगृहात ठेवून, शिक्षकांच्या हाती सोपवून त्यांनी शिकवलं. आज मी पुण्यातल्या एका संशोधनगटात प्रकल्प सहायक आहे. त्या शिक्षकांचे आणि गट चालवणाऱ्या आमच्या सरांचे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच वर्ध्याला जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे.

आधी कामाविषयी थोडं. म्हाताऱ्या कुत्र्यांना कधी कधी हिरडीवर काळसर गाठ येते. ती कर्करोगाची असते, भराभर वाढते आणि पुढे फुप्फुसात उतरते. आमचा गट तिच्यावर विषाणूचा उपाय करून पाहतो आहे. कुत्र्यांमध्येच आढळणारा एक विषाणू घ्यायचा, त्याची आजार पसरवायची ताकद काढून टाकायची आणि त्याच्या पोटात एक जनुक भरायचं. सुईने तो गाठीत सोडला की तो पेशींमध्ये शिरतो, जनुक तिथे उतरवतो, आणि आतापर्यंत शरीराच्या नजरेतून सुटलेली गाठ शरीराला दिसायला लागते.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात विषाणू उणे ऐंशी अंशांवर जपावा लागतो आणि एकदा वितळला की पुन्हा गोठवता येत नाही. गाठीच्या एका कोपऱ्यात तो पोचतो, दुसऱ्यात पोचत नाही. सुई दिल्यावर काही दिवस कुत्र्याला वेगळं बांधून ठेवावं लागतं, कारण लाळेतून विषाणू बाहेर पडू शकतो. सगळ्यांत मोठी अडचण रक्ताची. पिल्लांना पाच-सात आजारांची जी एकत्रित लस देतात, तिच्यात याच विषाणूचा भाऊबंद असतो. ती लस टोचलेल्या कुत्र्याचं शरीर आमच्या विषाणूला ओळखतं आणि तो कामाला लागायच्या आतच त्याला संपवतं. म्हणून आम्हाला लस न दिलेलं कुत्रं हवं होतं. शहरात ते सापडत नाही. जो माणूस कुत्र्याच्या कर्करोगावर उपचार करायला तयार असतो, त्याने लहानपणीच त्याला सगळ्या लसी दिलेल्या असतात.

असं एक कुत्रं हिंगणघाट तालुक्यात, वडनेरपासून आत असलेल्या एका खेड्यात आहे, असं तिथल्या पशुवैद्यक डॉ. सोनाली वैरागडे यांनी कळवलं. त्या तिथे नव्यानेच रुजू झाल्या होत्या. मी पुण्यातूनच मालकाला फोन लावला आणि फॉर्ममधला प्रश्न वाचला, “तुम्ही या कुत्र्याला कधी लस दिली आहे का?”

“नाई मॅडम,” पलीकडून मोठ्या आवाजात उत्तर आलं. “मनात लय होतं, पन राहून गेलं.”

मी ‘नाही’पुढे खूण केली. सरांनी एक डोस नागपूरला पाठवून राखून ठेवला.

सोमवार, वर्धा आणि पुढे

जानेवारीतल्या सकाळी वर्धा स्टेशनाबाहेर आले तेव्हा चांगलीच थंडी होती. गाड्यावर पोहे मागितले, तर विक्रेत्याने पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं टाकतात. मी बशीकडे बघत राहिले, तसा तो म्हणाला, “खाऊन त पाहा. रडू आलं त पानी फुकट.” रडू आलं, आणि मी दुसरी बशीही घेतली.

एसटीत माझ्याजवळ निळी थंड पेटी होती. आत बर्फाच्या पिशव्या आणि रिकाम्या नळ्या. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता पेटीवर टिचकी मारली. “मासोया हायेत काय? वास सुटन, मॅडम.”

मी म्हटलं, मासे नाहीत, पेटी रिकामी आहे, येताना कुत्र्याचं रक्त न्यायचं आहे. माझ्या शेजारच्या बाई उठून पुढच्या बाकावर गेल्या. हिंगणघाटपर्यंत ती अख्खी सीट मला मिळाली. खिडकीतून दोन्ही बाजूंना तूर उभी दिसत होती, शेवटच्या वेचणीचा कापूस झाडांवर कुठे कुठे राहिला होता. आमच्या माळावर डोळा क्षितिजापर्यंत जातो. इथे तुरीने माणूसभर उंचीची भिंत घातली होती. तिच्यात रानडुक्कर शिरलं तर दिसणार कसं, असं मनात आलं.

डॉ. सोनालीताईंनी हिंगणघाटला उतरवून घेतलं आणि स्कूटरवर गावात नेलं.

मालकाचं नाव गजानन ढोके. वय साठीच्या आसपास. तरुणपणी ते कापसाच्या जिनिंग गिरणीत यंत्रावर होते. त्या आवाजाने उजवा कान पूर्ण गेला आणि डावा अर्धा राहिला. आता दोन एकर तूर-कापूस करतात, एकटेच राहतात. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून ओरडून बोलायचे, ते त्याहून मोठ्यांदा उत्तर द्यायचे. आमचं बोलणं अर्ध्या गावाने ऐकलं असेल.

शेरू त्यांच्या उजव्या पायाशी बसला होता. तांबूस रंग, पांढरी छाती, एक कान फाटलेला. सोनालीताईंनी हळूच ओठ वर केला. त्यांनी पुण्याला पाठवलेल्या फोटोत ती गाठ वाटाण्याएवढी होती. आता ती पिकलेल्या जांभळाएवढी झाली होती, तशीच काळी, आणि कडेने रक्त झिरपत होतं. फोटो पाठवून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

“हा माह्या उजव्या अंगानं चालते,” गजाननभाऊ म्हणाले. “त्या बाजूनं मले काहीच नाई नं ऐकू येत. गाडी आली त हा मले लोटते. मांगच्या साली तुरीत डुक्कर निंगालं. मले पत्ता नाई. ह्यानं भुंकून भुंकून आडवा केला त्याले. तो कान तवाच फाटला.” थोडं थांबून म्हणाले, “मानसाईचं बोलनं मले निमं समजते, मॅडम. ह्याचा आवाज पुरा येते.”

बरा होईल का, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की उपाय नवा आहे, लागू पडेल की नाही माहीत नाही. त्यांनी मान डोलावली. दहा दिवस बांधून ठेवावा लागेल म्हटल्यावर मात्र ते हसले. “ह्याले? बांधून त पाहू.”

रक्त काढताना शेरूने अंग चोरलं, पण दात लावला नाही. नळी त्याच दुपारी नागपूरला गेली. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

मंगळवार-बुधवार, गाव

माझी सोय वंदनाताई मून यांच्याकडे केली होती. त्या गावच्या अंगणवाडी सेविका. त्यांच्या ओसरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलांच्या वजनाचा काटा. त्यांचा थोरला मुलगा सरकारी नोकरीत, नागपूरला. मी घरातली पहिली पदवीधर आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “आमच्या घरी माहा पोरगा पहिला. तुमच्या मायले एक डाव इकडं आना. दोघी बसून रडू.” मग जेवायला सोलेभात वाढला. तुरीच्या ओल्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. आमच्याकडे तूर वाळल्याशिवाय घरात येत नाही, त्यामुळे तो गोडसर, हिरवा भात मला फारच नवा होता.

जेवताना दारात शेरू आला. माझ्याकडे न बघता सरळ मोरीजवळच्या जर्मनच्या ताटलीपाशी जाऊन उभा राहिला. वंदनाताईंनी मऊ भात कालवून ठेवला. “खाय रे राजा. आजकाल निमंच खाते. तोंड दुखते नं त्याचं.”

मला वाटलं, लाडाने म्हणतात. आपण मुलालाही राजा म्हणतोच.

बुधवारी सकाळी किराणा दुकानात साबण घ्यायला गेले. दुकानदार प्रकाशभाऊ ओट्यावर पाय सोडून बसले होते आणि पायाशी शेरू दुधात बुडवलेला टोस्ट चाटत होता. “आमचा बंटी,” ते म्हणाले. “पहले चार टोस्ट खाये. आता एकावर आला.”

मी हसले. मनात आलं, बिचारा आजारी आहे, सगळे जीव लावतात. मी गजाननभाऊंच्या कुत्र्याचं रक्त काढलं आहे, यापलीकडे माझा विचार गेला नाही. याचं कारण माझ्या घरात आहे. आमच्या मेंढ्यांच्या तळावर कुत्रं एका तळाचं असतं. दुसऱ्याच्या तळावर भाकरी खाणारं कुत्रं आमच्यात नालायक ठरतं. लहानपणी आमच्या एका कुत्रीने शेजारच्या तळावर दूध प्यायलं, तर वडिलांनी चार दिवस तिच्याकडे बघितलं नव्हतं. कुत्रं एक, मालक एक, ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नव्हती.

गुरुवार

अकराच्या सुमाराला सरांचा फोन आला.

“तू नळ्या बदलल्यास का?”

मी म्हटलं, “नाही सर. एकच नळी होती.”

“हा आकडा लस न दिलेल्या कुत्र्याचा नाही. एकदा लस दिलेल्याचाही वाटत नाही. या रक्तात आपला विषाणू दोन मिनिटंसुद्धा टिकणार नाही. फॉर्ममध्ये तू ‘नाही’ लिहिलंयस.”

सर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मी तशीच शेतात गेले. गजाननभाऊ तुरीच्या बांधावर काट्या लावत होते. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं. ते दुखावले.

“मी खोटं काऊन बोलू, मॅडम? दोन साल झाले. गावात पिल्लं मरून राह्यलती, रगताची हगवन लागलती त्याईले. मंग नागपूरवाल्या कोन्या संस्थेची गाडी आलती लस द्याले, तीन रविवार. तिन्ही रविवार मी शेरूले हुडकून राह्यलो. शेतात नाई, घरी नाई, नाल्यावर नाई. सापडला तवा गाडी निंगून गेलती. मले मायची आन, माह्या हातानं एकबी सुई नाई लागली त्याले.”

ते खरं बोलत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि तिथेच, ऊन डोक्यावर असताना, माझ्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न आला. तिन्ही रविवारी शेरू होता कुठे?

मी दुकानाकडे जवळजवळ पळतच गेले. प्रकाशभाऊंना विचारलं, बंटीला लस दिली आहे का. त्यांनी अभिमानाने गल्ल्याखालून एक पिवळं कार्ड काढलं. बंटी, नर, तांबूस. पहिला रविवार, दुसरा रविवार. “दोन्ही डाव मीच नेलतं. रांग लावून. दुकान बंद ठेवून.”

मी कार्ड हातात घेऊन वंदनाताईंकडे गेले. त्या अंगणवाडीतल्या मुलांना झोपवत होत्या. माझा चेहरा बघून न बोलता घरी आल्या आणि पेटीतून दुसरं पिवळं कार्ड काढलं. राजा, नर, तांबूस. दुसरा रविवार, तिसरा रविवार.

मी दोन्ही कार्डं ओसरीवर शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या रविवारी त्या कुत्र्याला दोनदा टोचलं होतं. सकाळी प्रकाशभाऊंनी, दुपारी वंदनाताईंनी. कार्डांवर वेळ होती आणि सह्या वेगळ्या, सकाळी एक डॉक्टर होते, दुपारी दुसरे. तांबूस कुत्री गावात काय कमी आहेत?

“ताई,” मी विचारलं, “हा गजाननभाऊंचा शेरू आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“हाव, माहीत हाये नं. तो त्याईच्याकडं जाते.” त्यांना माझा प्रश्नच समजला नव्हता. “पन राह्यते तो माह्याकडं.”

मी खाली बसले. एवढ्या प्रयोगशाळा, उणे ऐंशी अंश, नागपूरला राखलेला डोस, आणि ते सगळं एका प्रश्नावर उभं होतं, जो मी फोनवरून एकाच माणसाला विचारला होता. त्याने खरं उत्तर दिलं होतं. ‘तुम्ही लस दिली का’ असं मी विचारलं. या कुत्र्याला गावात आणखी कोण जेवू घालतं, हे विचारायला मला सुचलंच नाही.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कार्डांवरच्या तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, “आधीच्या दोन कुत्र्यांचे फॉर्मही तूच भरलेस ना? फोनवरून?”

“हो, सर.”

“परत आलीस की त्या गावांना जायचं. स्वतः.” आणि फोन ठेवता ठेवता, “त्या दोघांचं रक्त आपण आधी तपासलं नव्हतं. त्यांच्यावर औषधाने काम केलं नाही, असं आपण लिहिलं आहे.”

म्हणजे तिथेही औषध नव्हे, माझा फॉर्मच चुकलेला असू शकत होता.

गुरुवार दुपार, दुकानाचा ओटा

हे गजाननभाऊंना सांगणं माझ्याच वाट्याला होतं. सोनालीताई आल्या होत्या. दुकानाच्या ओट्यावर आम्ही पाच जण, मध्ये शेरू. मी डाव्या कानाशी बसून सांगितलं, की औषध विषाणूच्या पाठीवर बसून जाणार होतं. लस दिली की शरीर पहारेकरी ठेवतं. शेरूच्या अंगात ते इतके झालेत की आपलं औषध आत शिरूच शकत नाही. सुई देता येणार नाही.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, “रगतातून लस काहाडता येते काय?”

“नाही, भाऊ.”

“थोडी? थोडीबी?”

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही पिवळी कार्डं हातात घेतली. त्यांना वाचता येतं, पण ते वाचत नव्हते. मग वंदनाताईंकडे वळले आणि त्यांचा आवाज असा चढला की दुकानात आलेली बाई पिशवी घेऊन मागे सरली.

“तुमी काऊन नेलं माह्या कुत्र्याले? मले पुसलं काय? मी तिकडं नाल्यानं हिंडून राह्यलो, आन् तुमी इकडं रांगेत उभ्या.”

वंदनाताईंनी पदर खोचला. “गावात रोज एक पिल्लू मरून राह्यलतं, गजाननभाऊ. तवा तुमाले पुसत बसू काय? न्हेलं नसतं त हा दोन सालापह्यलेच गेला असता. मंग कर्करोग व्हाले राह्यला असता काय तो?”

“आन् दोन डाव कायले? एका दिवसात?”

“मले काय माहीत प्रकाशशेठनं सकायीच टोचून आनलं म्हून. यानं त सांगितलं नाई.” हे शेरूला उद्देशून होतं. कुणालाच हसू आलं नाही.

प्रकाशभाऊ माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, आकडा थोडा कमी लिवा नं. पुन्यात कोन पाहून राह्यलं? सुई त तयार हाये.”

मला त्यांचा राग आला नाही. सकाळपासून मीही दोनदा तोच विचार केला होता. मी म्हटलं, “भाऊ, मी कागदावर काहीही लिहीन. त्याचं रक्त कागद वाचणार नाही. सुई वाया जाईल, आणि त्या दहा दिवसांत गाठ वाढेल.” आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, “चूक प्रकाशभाऊंची नाही, वंदनाताईंचीही नाही. माझी आहे. मी एकालाच विचारलं. आमच्याकडे कुत्रं एकाचंच असतं.”

“एकाचंच?” वंदनाताईंना आश्चर्य वाटलं. “मंग तो मानूस गावाले गेला त कुत्र्यानं खावाव काय?”



सोनालीताईंनी तेव्हा दुसरा मार्ग मांडला. जुनाच मार्ग. गाठ अजून खालच्या जबड्याच्या एका बाजूलाच आहे. फुप्फुसात गेली नसेल, तर जबड्याचा तेवढा भाग कापून काढता येतो. रोग पुन्हा येणार नाही असं नाही, पण काही महिने मिळतील, कदाचित वर्ष. वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात दर रविवारी नागपूरहून सर्जन येतात.

“जबडा कापून?” गजाननभाऊंनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला. “निम्म्या तोंडाचं कुत्रं? नाई. मरू द्या त्याले पुऱ्या तोंडानं.”

ते उठून शेताकडे निघाले. शेरूही उठला आणि त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागला. आम्ही ते दोघं वळणापर्यंत बघत होतो. मी मनात धरून चालले, की आता काही होणार नाही.

शनिवार, वर्धा

शुक्रवारी मी सामान बांधलं. शनिवारी सकाळी बसची वाट बघत उभी होते, तर प्रकाशभाऊंची माल आणायची पिकअप समोर थांबली. पुढे प्रकाशभाऊ. मागे ताडपत्रीवर गजाननभाऊ, वंदनाताई आणि मधोमध शेरू.

“बसा, मॅडम,” गजाननभाऊ मोठ्यांदा म्हणाले. “फोटो त काहाडून पाहू. फोटोले काय होते.”

नंतर वंदनाताईंनी सांगितलं, की शुक्रवारी संध्याकाळी त्या गजाननभाऊंच्या शेतावर गेल्या होत्या. बोलणं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही. “भांडलो,” एवढंच म्हणाल्या. “मंग त्याईनं चाय मांडला.”

एक्स-रे काढताना शेरूला कुशीवर निजवून धरायचं होतं. तिघांनी धरलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. मला त्यातलं थोडं कळतं. फुप्फुसं स्वच्छ होती, निदान दिसण्याएवढं काही नव्हतं. मी गजाननभाऊंना ते सांगितलं. त्यांनी फिल्मकडे पाहिलं आणि मग विचारलं, ते मला, डॉक्टरांना नाही, “जबडा कापला त मंग तो भुंकन काय?”

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आवाज गळ्यातून येतो, जबड्यातून नाही. भुंकेल. खायचा त्रास होईल. महिनाभर तरी पातळ, मऊ अन्न दिवसातून चार-पाच वेळा हाताने भरवावं लागेल. जीभ एका बाजूने बाहेर राहील. दिसायला विचित्र दिसेल.

“चार-पाच डाव,” गजाननभाऊ म्हणाले. “माह्यानं होनार नाई. शेत कोन पाहीन?”

“सकायचं माह्याकडं,” प्रकाशभाऊ म्हणाले. “दुकान त उघडंच राह्यते.”

“दुपारचं आन् चार वाजताचं मी,” वंदनाताई म्हणाल्या. “पोरं निजले का मी मोकयीच असते.”

गजाननभाऊंनी त्या दोघांकडे पाहिलं. किती ऐकू आलं होतं कोण जाणे. मग त्यांनी डॉक्टरांपुढचा कागद ओढून सही केली.

रविवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच लांब बाक होता. आत दार लोटून घेतलेलं. वंदनाताईंनी आणलेल्या पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत. शेजारी एक बाई मांजर घेऊन बसल्या होत्या.

गजाननभाऊ दर थोड्या वेळाने मला विचारत, “काई ऐकू येते काय आतून?” मी दाराला कान लावायचे. भांड्यांचा आवाज, डॉक्टरांचं बारीक बोलणं, एवढंच. “भूल दिलीय, भाऊ,” मी सांगायचे. “तो ओरडणार नाही.” ते मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे.

प्रकल्पातून शेरूचं नाव निघालं होतं. माझं काम संपलं होतं. पण फॉर्ममधल्या एका खुणेने मी या माणसाला ज्या उपायाची आशा दाखवली, तो कधी होणारच नव्हता. त्या तीन आठवड्यांत वाटाण्याचं जांभूळ झालं होतं. फोनवर मी नीट विचारलं असतं, तर जबडा कदाचित बोटभर कमी कापावा लागला असता. हे मी त्यांना बाकावर बसूनच सांगितलं. त्यांच्या डाव्या कानाशी, स्पष्ट शब्दांत.

ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. “ऐकलं,” म्हणाले.

दुपारी दार उघडलं. शेरू गोधडीवर निजलेला होता. मी तयारीत होते, तरी पाहून मला धक्का बसला. तोंड एका बाजूने आत बसलेलं, टाक्यांची काळी ओळ, गुलाबी जीभ बाहेर घरंगळलेली. वंदनाताईंनी तोंडावर पदर धरला. प्रकाशभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले.

गजाननभाऊ खाली बसले. शेरूने डोळे अर्धे उघडले. शेपटी एकदा हलली आणि थांबली. मग त्याच्या गळ्यातून काहीतरी आलं. भुंकणं म्हणावं असं ते नव्हतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मलाही ते जेमतेम ऐकू आलं.

गजाननभाऊंनी वर माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, हे मला कळलं. मी सांगायला पुढे झाले. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तोच हात शेरूच्या गळ्यावर, टाक्यांच्या बराच खाली, हलकेच ठेवला.

शेरूने पुन्हा आवाज केला.

“हाये,” गजाननभाऊ म्हणाले. हात त्यांनी तिथून काढला नाही. “आवाज हाये.”